चार पावलांचं माहेर

आमच्या शाळेत भारताचा एक नकाशा होता. तो हेडमास्तरांच्या कपाटात, गुंडाळी करून, जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून ठेवलेला असे. डेड स्टॉकच्या वहीत त्याची नोंद होती आणि नोंद असलेली वस्तू फाटली तर जबाब द्यावा लागतो, म्हणून तो उघडायचा नाही असा शिरस्ता. हेडमास्तरांना सगळं गाव नाना म्हणे. नाना मला पहिल्याच दिवशी म्हणाले, "बाई, देश सांभाळून ठेवलाय. तुम्ही पुस्तकातून शिकवा."

महाराष्ट्र होऊन सात-आठ वर्षं झाली होती. मी जळगावची, वीस वर्षांची, ट्रेनिंग कॉलेजातून ताजी बाहेर पडलेली. नेमणूक मिळाली ती भडगावपासून दोन कोसांवर, गिरणेकाठच्या गावी, आणि तीही तात्पुरती. डिपोटी साहेब तपासणीला येणार, शेरा मारणार, तो बरा पडला तर मी कायम, नाहीतर परत जळगाव. जळगावी वडील तयारच होते. भुसावळच्या रेल्वेतला एक मुलगा त्यांनी हेरून ठेवला होता आणि दर पत्रात त्याची उंची कळवत होते. मला लग्नाचं वावडं नव्हतं. पण स्वतःच्या पगारावर, स्वतःच्या कुलपाच्या खोलीत राहायला लागून चार महिने झाले होते, आणि ते कुलूप सोडायला मी अजिबात तयार नव्हते. त्या शेऱ्यावर माझं सगळं अडलेलं होतं.

पाचवीला भारताचा भूगोल. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांनी भडगावचा बाजारसुद्धा पाहिलेला नव्हता. त्यांना ब्रह्मपुत्रेचं खोरं सांगायचं म्हणजे आंधळ्यापुढे आरसा. तेव्हा ट्रेनिंगची हौस ताजी असल्यामुळे मी ठरवलं, शाळेच्या पटांगणात जमिनीवर देश बांधायचा, मोठा, आणि मुलांना त्यावरून चालवायचं. पायांना कळलं की डोक्याला कळतं, असं आमच्या कॉलेजात सांगत. सांगणारे आमच्या गावी आले नव्हते.

सुगी उरकल्यावर काम सुरू झालं. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत सोळा पावलं. शेतातली काळी माती, गिरणेची वाळू राजस्थानसाठी, हिमालयाला चुना, समुद्राला रांगोळीत कालवलेली नीळ. नीळ समोरच्या मारवाडी शेटजींच्या दुकानातून आली. नद्या खुरप्याने कोरल्या. देश आठ दिवसांत उभा राहिला आणि मी मनातल्या मनात कायम झाले.

मग प्राणी. मुलांना म्हटलं, मातीचे करून आणा. आता खानदेशातल्या पोराला मातीचा एकच प्राणी येतो, पोळ्याचा बैल. तो मात्र असा येतो की बघत राहावं. दुसऱ्या दिवशी देशभर बैल उभे राहिले. गीरच्या सिंहाला वशिंड होतं. सुंदरबनच्या वाघाला वशिंड आणि पट्टे. आसामचा गेंडा तर जोडीने आला होता, आणि त्याच्या नाकात सुतळीची वेसण होती.

"गेंड्याला वेसण कशाला रे?" मी विचारलं.

"येसन नही ऱ्हायनी ते तो कोनं ऐकी, बाई?" गेंडेवाला म्हणाला.

मी गेंडे राहू दिले. राज्याराज्यांच्या बाहुल्याही झाल्या, पण चिंध्या एकाच शिंप्याकडच्या असल्यामुळे पंजाबपासून केरळापर्यंत सगळ्या बायका एकाच लुगड्यात होत्या. राष्ट्रीय एकात्मतेवर मी नंतर पुष्कळ भाषणं ऐकली. इतकं सोपं कोणाला जमलेलं नाही.

सुरुवातीचे आठ-दहा दिवस फार सुखाचे गेले. मुलं देशभर हुंदडत होती. "चल, मुंबईहून कलकत्त्याला जा" म्हटलं की पोरगी परकर सावरत निघे आणि वाटेतली गावं ओरडून सांगे. मला वाटलं, मी जन्मजात शिक्षिका आहे.

मग अक्का आल्या. अक्का म्हणजे समोरच्या शेटजींच्या आई. दुकानाच्या ओट्यावर दिवसभर बसलेल्या, पोटापर्यंत घुंघट. नवव्या वर्षी लग्न होऊन जोधपूरकडच्या एका गावातून इकडे आल्या, त्या आल्याच. साठीला पोचल्या तरी माहेर पुन्हा पाहिलं नव्हतं. आधी सासू सोडत नव्हती, मग बाळंतपणं, मग दुकान, मग नेणारंच कोणी उरलं नाही. भाषाही आता इथलीच झाली होती.

"बाई, मन्हं गाव कोठे शे?" त्यांनी विचारलं.

मी छडीने वाळूत एक ठिपका काढून दिला. अक्कांनी खाली वाकून त्या ठिपक्यावर चिमूटभर कुंकू ठेवलं आणि हात जोडले. मला भरून आलं. किती मूर्ख होते मी.

कारण कुंकू पाहिल्यावर गावाला सुचायला किती वेळ लागतो? दुसऱ्या दिवशी काशीवर हळद-कुंकू पडलं. तिसऱ्या दिवशी रामेश्वरावर फूल. गिरणेवरून पाणी आणणाऱ्या बायका जाता जाता पहिला तांब्या माझ्या गंगेत ओतू लागल्या. काळी माती ते पाणी बिहार यायच्या आत पिऊन टाके, पण तेवढ्यात दोघी-तिघी त्यात बोटं बुडवून डोळ्यांना लावत. गिरणेतून आणलेलं पाणी गंगेत ओतून, गंगाजल म्हणून परत घरी नेण्याचा उद्योग मी डोळ्यांनी पाहिला आहे. आठवडाभरात अख्खं गाव कुंपणापाशी चपला काढून उभं राहू लागलं, आणि एका सकाळी वर्ग नकाशाबाहेर ओळीने हात जोडून उभा दिसला.

"चला, आत या," मी म्हटलं.

"पाय कसा ठेवाना बाई? गंगामाय शे ना."

मी नानांकडे तक्रार घेऊन गेले. नाना खूश होते. शाळेला इतका मान त्यांच्या हयातीत मिळाला नव्हता. "बाई, आता तो नकाशा राहिला नाही," ते म्हणाले, "कपाटातल्यासारखाच जपायला हवा." आणि त्यांनी भोवती दोरी बांधून घेतली. मी हाताने बांधलेल्या देशात मलाच पाऊल टाकायची बंदी झाली. मी चिडले, आणि सगळा राग त्या म्हातारीवर काढला, मनात. तोंडावर काढायची हिंमत नव्हती. नीळ तिच्या दुकानची होती.

आणि डिपोटी साहेब आले.

त्यांनी आधी माझी पाठांची टाचणवही उघडली आणि मोठ्याने वाचलं, "विद्यार्थी नकाशावरून चालत प्रवास करतात व अनुभव घेतात." ते माझंच वाक्य होतं, पहिल्या आठवड्यातलं. मग ते पटांगणात आले. दोरी नानांनी सकाळीच सोडून लपवली होती. कुंपणापलीकडे आया उभ्या होत्या.

"हं. एकाने खानदेशातून निघून राजस्थानात जाऊन दाखवा."

कोणी हललं नाही. आदल्या दिवशी मी सगळ्यांकडून चालायचं कबूल करून घेतलं होतं. पण आदल्या दिवशी आया समोर नव्हत्या. साहेबांनी पुन्हा सांगितलं. मुलं पायाच्या अंगठ्यांकडे बघत राहिली.

"बाई, हा भूगोल आहे की देऊळ?" साहेबांनी विचारलं आणि टाचणवही मिटली. "चालत नाहीत, तर चालतात असं लिहिलंत कशाला?"

मला भुसावळचा तो उंच मुलगा स्पष्ट दिसला. रडू येत होतं, आणि साहेबांसमोर रडायचं नाही एवढंच सुचत होतं.

तेवढ्यात समोरच्या ओट्यावरून अक्का उतरल्या, रस्ता ओलांडून आल्या. जोडे बाहेर काढले. नाना पुढे झाले, "अक्का, आत पाय..." घुंघटातून आवाज आला, "मन्हं माहेर शे. माहेरना माले काय पाप लागी?"

नाना बाजूला झाले. अक्का खानदेशात पोरांनी रोवलेल्या केळीच्या रोपाजवळ उभ्या राहिल्या आणि निघाल्या. एक पाऊल, तापी. दुसऱ्यात नर्मदा मागे पडली. तिसऱ्या पावलाला त्यांनी घुंघट मागे सारला, साहेबांसमोर, नानांसमोर, सगळ्या गावासमोर. त्यांच्यात लेक माहेरी घुंघट घेत नाही. पन्नास वर्षांत त्यांचा चेहरा गावाने पाहिला नसेल; मी तर पहिल्यांदाच पाहत होते. चौथं पाऊल वाळूत पडलं, कुंकवाच्या ठिपक्याशेजारी.

त्या तिथे उभ्या राहिल्या. मागे केळीकडे पाहिलं, पायाखाली पाहिलं, आणि मला विचारलं, "इतलंच शे का व, बाई? माले तं सांगेल व्हतं, भलतं दूर शे."

मला उत्तर येत होतं. ट्रेनिंगच्या परीक्षेत त्यावर मला गुण मिळाले होते. मी म्हटलं, "नकाशात तसं दिसतं, अक्का."

त्यांनी मान हलवली. मला वाटतं, त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला नाही. दुकान उघडं टाकून आल्या होत्या, म्हणून त्याच चार पावलांनी परत निघाल्या आणि नर्मदेपाशी घुंघट पुन्हा ओढून घेतला.

त्यांच्यामागून एक मुलगी आत गेली, तिचा मामा सुरतेला होता. मग दुसरी. ज्याचं कोणी कुठे होतं तो तिथे निघाला, आणि कोणीच कुठे नव्हतं ती पोरं गेंड्यांकडे धावली. साहेब हसले. गेंड्याची वेसण पाहून आणखी हसले.

शेरा असा होता: "मैदानी नकाशाचा उपक्रम चांगला. नकाशाचे प्रमाण दिलेले नाही, ते द्यावे." मी कायम झाले. वडिलांनी भुसावळला नकार कळवला.

दुसऱ्या दिवशी मी एका फळीवर खडूने लिहिलं, एक पाऊल म्हणजे दोनशे किलोमीटर, आणि ती फळी दुकानाकडच्या बाजूला रोवली. अक्का ओट्यावरून दिवसभर तिच्याकडे बघत बसत. त्यांना वाचता येत नव्हतं. मी ती कधी त्यांना वाचून दाखवली नाही.