दाखवायची बोटं

सांधेदुखीच्या त्या दवाखान्यात बाई अकरा वर्षं कामाला होत्या. डॉक्टरीणबाई तपासून कागद लिहून देत, पुढचं सगळं बाईंकडे. दुखऱ्या सांध्यावर आलं-हळदीचा अर्क दहा मिनिटं चोळायचा, मग लाल दिव्याचं यंत्र वीस मिनिटं लावून ठेवायचं. दिव्यासाठी खोलीची खिडकी कायमची बुजवलेली. बाहेर ऊन आहे की पाऊस, हे पेशंटच्या छत्रीवरून कळायचं. दिवसाला सोळा पेशंट. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, आणि दवाखाना गल्लीच्या टोकाला, म्हणून दुपारी जाऊन त्यांना भरवता येई. असं काम दुसरीकडे कुठे मिळणार?

त्यामुळे स्वतःचीच बोटं सुजायला लागली तेव्हा बाई मूग गिळून गप्प बसल्या. बिंग फोडलं ते नेहमीच्या एका पेशंटने, निवृत्त पोस्टमनकाकांनी, तेही काळजीपोटी. बाईंच्या अंगठ्यात हल्ली पहिला जोर राहिला नाही, असं ते डॉक्टरीणबाईंसमोर सहज बोलून गेले.

डॉक्टरीणबाईंनी हात पाहिले. रागावल्या नाहीत. चोळायला बदली बाई ठेवली आणि तीन आठवडे स्वतः समोर बसून बाईंच्या बोटांना अर्क लावला, दिवा धरला. पहिल्या दिवशी बाईंना रडू आवरेना. दुखत होतं म्हणून नव्हे. त्यांचा हात असा कोणी हातात घेऊन कित्येक वर्षं झाली होती. सूज उतरली.

बाई कामावर परतल्या आणि तिथेच अडकल्या. नवा पेशंट आला की डॉक्टरीणबाई कौतुकाने सांगायच्या, आमच्या बाईंची बोटं बघा, याच उपचाराने बरी झालीत. बाई मुकाट्याने दोन्ही पंजे पुढे करायच्या. दोन महिन्यांत सांधे पुन्हा ठणकू लागले. आता सांगणार तरी कोणत्या तोंडाने?

एके दुपारी एक शिंपीण सुजलेलं मनगट घेऊन आली. पंजे दाखवून झाले, डॉक्टरीणबाई पडद्यापलीकडे हात धुवायला गेल्या, तशी ती हळूच म्हणाली, "खरं सांगा मावशी, दुखायचं थांबलं?"

पलीकडचा नळ बंद झाल्याचं बाईंना ऐकू आलं. तरी त्या म्हणाल्या, "हात थांबले होते, तोवर थांबलं होतं. तुम्हालाही शिवण बंद ठेवावी लागेल."

"ते कसं जमायचं?"

"मलाही नाही जमलं."

डॉक्टरीणबाई आत आल्या आणि शिंपिणीचा कागद लिहायला बसल्या. पंजे दाखवायचं त्या दिवसापासून बंद झालं. पुढच्या आठवड्यात त्यांनी सोळाचे बारा पेशंट केले. याहून कमी केले तर दवाखानाच बंद करावा लागेल म्हणाल्या, आणि ते खोटं नव्हतं, हे बाईंनाही ठाऊक होतं.

शिंपीण येत राहिली, मशीन चालूच ठेवून. बाई तिचं मनगट चोळत. कामाबद्दल दोघी एकमेकींना पुन्हा काही विचारत नसत.