लाईट बघतोय

माझी बायको गेली तेव्हा तिचा एक धड फोटो माझ्या घरात नव्हता. आणि मी फोटोग्राफर. नागापुरात, एमआयडीसीच्या रस्त्याला माझा स्टुडिओ आहे. कंपनीच्या गेटपाससाठी पासपोर्ट फोटो काढायचे आणि सीझनला लग्नं करायची, हा माझा धंदा. लग्नाच्या ऑर्डरीला सोळा वर्षं ती माझ्याबरोबर होती. अकोले तालुक्यापासून पाथर्डीपर्यंत या जिल्ह्यातली बहुतेक मंगल कार्यालयं आम्ही दोघांनी मोटारसायकलवर पालथी घातली. मी पुढं, ती मागं, तिच्या मांडीवर लाईटची बॅग.

त्या सकाळी डोकं दुखतंय म्हणाली, कणीक मळता मळता ओट्याशी पडली आणि दुपारपर्यंत सगळं संपलं. तिसऱ्या दिवशी राख सावडून आलो, तर कुणीतरी दहाव्याला फोटो लागेल म्हणालं. घरात सगळे माझ्याकडं बघायला लागले. बघणारच. अख्ख्या नागापुरातल्या मेलेल्या माणसांचे फोटो मीच तयार करतो. आयुष्यात कधी कोट न घातलेल्या माणसाला कॉम्प्युटरवर कोट चढवतो, म्हातारीच्या अंगावर नवं लुगडं आणतो, मागं निळं आभाळ टाकतो.

मी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून आणला. सासूबाईंनी तो हातात धरला, लांब धरला, परत दिला. ही माझी पोर न्हाई, म्हणाल्या. मग लग्नाचा अल्बम काढला. त्यात ती एकोणीस वर्षांची, मुंडावळ्या बांधलेली, आणि प्रत्येक फोटोत मान खाली. त्या वेळच्या फोटोग्राफरनं तिला मान वर कर असं म्हणायची तसदी घेतली नव्हती. त्याला मी मनातल्या मनात शिव्या घातल्या. सासूबाईंनी अल्बम मिटला.

"जावईबापू, फोटूवाल्याच्या घरात फोटू न्हाई व्हय?"

टोमणा मारला असता तर बरं झालं असतं, मीही काहीतरी बोललो असतो. त्या नुसतं विचारत होत्या.

माझा जुना मोबाईल उन्हाळ्यातच बंद पडला होता. तिचा उघडला, तर त्यात भाचरं, मांजर, कुंडीतली कोथिंबीर आणि माझे पाठमोरे फोटो. कॅमेऱ्याला डोळा लावून मी कुठल्या कुठल्या लग्नांत उभा आहे आणि तिनं मागून काढलंय. एवढे फोटो कधी काढले, मला पत्ता नाही. मी कधी वळून पाहिलं असेल तर ना.

आणि खरं सांगायचं तर तिचे जेवढे फोटो मी काढले तेवढे जिल्ह्यात कुठल्या बाईचे कुणी काढले नसतील. नवरी स्टेजवर यायच्या आधी लाईट लावून बघावा लागतो. त्यासाठी नवरीच्या जागी कुणीतरी उभं राहावं लागतं. ती उभी राहायची. नवरी उंच असली तर पाटावर उभी राहायची. नवरीच्या डोक्यावर पदर असणार म्हणून आपणही पदर घ्यायची. मी दोन-तीन फोटो मारायचो, स्क्रीनवर बघायचो, लाईट सरकवायचो, पुन्हा मारायचो आणि म्हणायचो, हो बाजूला. घरी आल्यावर कार्ड कॉम्प्युटरला लावलं की पहिल्यांदा ते टेस्टचे फोटो उडवायचे. पुष्कळदा कॉम्प्युटरवर तीच बसलेली असायची. माझे उडवू का, असं दर वेळी विचारायची. मी म्हणायचो, विचारतेस काय, उडव.

एवढ्यांदा का विचारत होती, हे तेव्हा माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

दोन दिवस मी जुनी कार्डं खणत बसलो. पुसलेले फोटो परत आणायचं सॉफ्टवेअर असतं. त्यातून लोकांची हळद परत आली, केक परत आले, कुणाची तरी मुंज अर्धी परत आली. ती आली नाही. आम्ही एकेक कार्ड इतक्या वेळा वापरलेलं, की तिच्यावर किती नवऱ्या बसल्या असतील कुणास ठाऊक. चौथ्या दिवशी संध्याकाळी मी कीबोर्ड भिंतीवर फेकला.

मग आठवलं. दोन गिऱ्हाइकांनी न निवडलेला, सगळाच्या सगळा कच्चा डाटा मागून घेतला होता. एक भंडारदऱ्याचं, एक देवळाली प्रवऱ्याचं. त्यांना मी कार्ड जसंच्या तसं उतरवून दिलं होतं, टेस्टसकट.

थोरला भाऊ आडवा आला. अग्नी देणाऱ्यानं दहा दिवस वेशीबाहेर जायचं नसतं, सुतकात कुणाच्या दारात उभं राहायचं नसतं, आणि तू लग्नाचे फोटो मागायला जाणार? लोक काय म्हणतील? तो चुकीचं बोलत नव्हता. मी गाडीला किक मारली.

पाचव्या दिवशी भंडारदऱ्याला गेलो. संगमनेर, अकोले, राजूर. मागचं सीट हलकं, त्यामुळं खड्ड्यात गाडी उडायची आणि मी सवयीनं म्हणायचो, नीट धर. राजूरच्या पुढं एका घराच्या उघड्या माळ्यावर भाताचा पेंढा रचलेला होता आणि तिरप्या उन्हात तो असा पेटला होता की मी गाडी बाजूला घेतली. पाठीवर कॅमेरा नव्हता, तरी हात मागं गेला. बायको जाऊन पाच दिवस झाले आणि याला पेंढा दिसतोय. मला माझ्या डोळ्यांची किळस आली.

धरणाच्या कडेला गिऱ्हाइकाचं छोटं हॉटेल होतं. तिथं त्याचं लग्नाआधीचं शूटिंग आम्ही पाण्याच्या काठावर केलं होतं. सुतकाचं सांगितलं तर तो म्हणाला, हॉटेलला कसलं सुतक, बसा. त्यानं टीव्हीला मी दिलेली हार्ड डिस्क लावली. एकामागून एक फोटो सरकत गेले. टेस्टचे फोटो त्यानंच जागा मोकळी करायला उडवले होते. ती असलेला एकच राहिला होता. त्यात नवरी हसतेय आणि कडेला ती, घोट्याएवढ्या पाण्यात अनवाणी, दोन्ही हातांनी रिफ्लेक्टरची चंदेरी चकती धरून. चकती कमरेपासून डोक्यापर्यंत. दिसतात फक्त तिची बोटं, हिरव्या बांगड्या आणि पाय. नवरीच्या तोंडावर जो सोन्यासारखा उजेड आहे, तो तिनं धरलेला आहे.

"दिव्याखाली अंधार म्हनत्यात ना, तसं झालं बघा," हॉटेलवाला म्हणाला. मला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. तो चहा घेऊन आला तेव्हा मी निघालो होतो. येताना अकोल्याच्या अलीकडं गाडी लावून रस्त्याच्या कडेला बसलो आणि मोठमोठ्यानं रडलो. दोन-तीन जण थांबले, पेट्रोल संपलं का म्हणून विचारून गेले.

त्यानंतरचे दोन दिवस मी देवळालीला गेलो नाही. तिथंही काही नसलं तर मग संपलंच, म्हणून गेलो नाही. आठव्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, राहू द्या आता, नुसता हार घालू पाटावर. तेव्हा निघालो.

राहुरीच्या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्यांची रांग. त्यांच्या मागं मागं जायला लागलं की ती माझ्या खांद्यावरून हात काढून लटकलेलं उसाचं कांडं ओढायचा प्रयत्न करायची. तिला ते कधी जमलं नाही. या वेळी ट्रॉलीच्या मागं मी उगाचच बराच वेळ चाललो.

देवळाली प्रवऱ्याचं ते शेतकऱ्याचं घर, मळ्यात. त्याच्या मुलीच्या लग्नाचं काम आम्ही केलं होतं. सुतकाचं बोलायचं नाही, असं वाटेत ठरवून आलो होतो. मुलीचे वडील बाहेर आले, ओळखलं, पाण्याचा तांब्या पुढं केला, आणि माझा हात पुढं होईना. सांगून टाकलं. त्यांनी तांब्या हळूच ओट्यावर ठेवला.

"पोरगी बाळंतपनाला आल्ये. आत बाळ हाय धा-अकरा दिवसांचं," ते म्हणाले. "राग मानू नका, पन वर येऊ नका."

राग कसला मानायचा? ते बरोबरच होते. मी अंगणात लिंबाखाली उभा राहिलो आणि तिथूनच हात जोडले, फक्त डिस्क बघायची आहे, हात लावत नाही, तुम्ही लावा, तुम्ही बघा. माझा आवाज इतका चढला होता की आतून बाळ रडायला लागलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी गाडीकडं वळलो.

तेवढ्यात खिडकीतून मुलीचा आवाज आला. आबा, त्यांना थांबवा. कानाला रुमाल बांधलेली ती खिडकीशी येऊन बसली. तिनं माझ्या बायकोची आठवण सांगितली. लग्नात पदर सारखा सुटत होता तेव्हा त्या बाईंनी स्वतःच्या साडीची पिन काढून मला लावली होती, म्हणाली. मग तिनं लॅपटॉप मागवला, मांडीवर घेतला आणि गजांकडं वळवला. मी दहा हातांवरून सांगत होतो आणि ती उघडत होती. पहिलं फोल्डर. अगदी वरचे फोटो. हो, तेच.

ती होती. स्टेजवर, लाल खुर्चीपुढं, डोक्यावर पदर घेऊन उभी. पहिल्या फोटोत डोळे मिटलेले. दुसऱ्यात मिटलेले. नऊच्या नऊ फोटोंत मिटलेले. फ्लॅश पडला की ती डोळे मिटायची. नवरीनं मिटले तर मी दहादा काढायला लावतो. हिला कधी बोललोच नव्हतो, कारण टेस्टला डोळे लागत नाहीत.

"काका, खाली एक व्हिडिओ हाय," मुलगी म्हणाली.

पंधरा सेकंदांचा असेल. आधी माझा आवाज येतो. हालू नको. तोंड इकडं कर. ती तोंड करते. फ्लॅश नाही, त्यामुळं डोळे उघडे. पदर सारखा करते, सरळ कॅमेऱ्यात बघते आणि विचारते, "आला का चांगला?"

"तुझा कुठं काढतोय? लाईट बघतोय. हो बाजूला."

बरं, म्हणते आणि निघून जाते. मग शेवटपर्यंत नुसती लाल खुर्ची आणि तिच्यावर अगदी बरोबर पडलेला लाईट.

मुलीचे वडील जमिनीकडं बघत होते. मुलीनं एकदाच विचारलं, मोबाईलवर पाठवते, आवाज ठेवू का काढू? मी ठेव म्हणालो. निघताना त्या माणसानं तांब्या उचलला, ओटा उतरून खाली आला आणि लांबूनच माझ्या ओंजळीत पाणी ओतलं. मी प्यायलो.

त्या व्हिडिओतला एक क्षण थांबवून मी फोटो केला. मोठा करताना थोडा फुटला, तरी कोट चढवण्यासारखं काही केलं नाही, आभाळही टाकलं नाही. दहाव्याला सीना नदीच्या काठावर पाटावर तो ठेवला. लोक येत होते, फुलं वाहत होते, अगदी बोलेल अशी वाटते म्हणत होते. विधी उरकले तशी सासूबाईंनी फ्रेम मांडीवर घेतली, पदरानं काच पुसली आणि बराच वेळ बघत बसल्या.

"काहीतरी इचारतीया," त्या म्हणाल्या. "काय इचारती हो?"

खोटं बोलता आलं असतं. नाही बोललो. म्हणालो, फोटो चांगला आला का विचारतेय.

"मग सांगा की तिला."

"आलाय," मी म्हणालो. "लई चांगला आलाय."

सोळा वर्षांत तिच्या फोटोबद्दल मी हे पहिल्यांदा बोललो, आणि ऐकायला तिची आई होती.