मी छापलेलं मरणाचं कारण

आपा गेल्याचा फोन आला तेव्हा मी चिखलीच्या छापखान्यात पत्रकाचं प्रूफ वाचत होतो. महिना होत आला. डॉ. शमीम, आम्हा सगळ्यांच्या आपा, नांदुऱ्याच्या. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचे जन्मजात वेडेवाकडे गुच्छ, हा त्यांच्या आयुष्यभराच्या संशोधनाचा विषय. असे गुच्छ काही घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या उतरतात, म्हणून त्या एका रुग्णामागे अख्खं घर तपासायच्या. एसटीनं गावोगाव जाऊन विचारायच्या, कुणाला फिट येते, कोण अचानक गेलं... लोक लपवायचे. घरात लग्नाच्या मुली असायच्या.

आमची ओळख भांडणातून झाली. बीटी कपाशीला अळी लागणार नाही म्हणून ज्यांनी बियाणं विकलं, त्यांनीच अळी आल्यावर फवारणीचं औषध विकलं; त्याविरुद्ध मी पत्रकं काढत होतो. वच्छला नावाची एक बाई फवारताना शेतात कोसळली, दवाखान्यात नेल्यावर वारली. मी छापलं, 'फवारणीचा बळी'. कुणाला विचारलं नाही. विचारण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही.

आपांनी तिच्या मेंदूचा स्कॅन पाहिला होता. गुच्छ फुटला होता.

"पत्रक मागे घे, बाबू."

"म्हणजे कंपनीले सोडून देऊ?"

"कंपनीले काऊन सोडतं? तिच्यावर लिहाले दुसरं कमी आहे का? पण वच्छलाच्या भावाचं डोकं दुखून राह्यलं. तपासाले चाल म्हटलं, तं तुहा कागद दाखवते मले. म्हणते, म्या तं फवारणी सोडली, आता मले काय होते?"

कंपनीविरुद्धचा आमचा मोर्चा चार दिवसांवर होता. म्हणालो, तो झाला की बघू. मोर्चा झाला... त्यानंतर नवव्या दिवशी वच्छलाचा भाऊ गेला. अंगणात, दात घासताना.

आपा रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाल्या, "त्याची पोरगी आहे. तिले तं सोडू नको." मी दुरुस्तीचं पत्रक काढलं, ते कुणी जपून ठेवलं नाही. आपा मात्र त्या घरी जात राहिल्या, स्वतःला कॅन्सर झाल्यावर केमोच्या मधल्या आठवड्यांतही.

आता मी जातो. त्यांच्यासारखाच ओट्यावर बसतो, आधी पाणी मागतो, मग विषय काढतो. परवा विचारलं, वहिनी, पोरीचं डोकं दुखतं का?

"नाही हो," मुलीची आई म्हणाली. "यंदा पाहुणे येऊन राह्यले तिले पाहाले. आन् भाऊ, तुमीच तं लिहलं होतं ना, फवारणीनं म्हणून. मंग?"

मी पेला खाली ठेवला. तो उचलायला मुलगी बाहेर आली. कपाळावर ओढणी करकचून बांधलेली होती.