स्लाव्हांचा स्वस्त किल्ला

स्क्रीनवर पुण्याचे शिरीष सर किल्ल्यासाठी जागा शोधत होते, आणि शेजारच्या टेबलावरून दत्तूमामा मला दोन्ही हातांनी खुणा करत होते. क्लायंटचा डेमो चालू असला की मी इकडंतिकडं बघत नाही. मी नुसता अंगठा दाखवला. मामांनी कपाळावर हात मारला आणि चिठ्ठी सरकवली.

'तुमच्या गेममधी दगड पिकतोय.'

मंगळवार पेठेत, पुण्याच्या नव्हे, आमच्या गावच्या, सायकलच्या दुकानावर आमचा गेम स्टुडिओ आहे. सात माणसं, एक एसी. मध्ययुगातल्या लढायांचा गेम आम्ही बनवत होतो. खेळणाऱ्यानं एक राज्य घ्यायचं, गावकऱ्यांकडून लाकूड, दगड, धान्य गोळा करायचं, किल्ले बांधायचे आणि शेजाऱ्याच्या अंगावर जायचं. मी त्यातला बॅलन्स डिझायनर. म्हणजे कुठलं राज्य फार माजू नये आणि कुठलं फार मार खाऊ नये, हे बघणारा. त्याचा कोडही मीच लिहितो, हे दुर्दैव.

सगळ्यात जास्त मार खायचे ते पूर्व युरोपातले स्लाव्ह. त्यांची शेती झकास. पण किल्ल्याला सहाशे दगड लागायचे, आणि तेवढे जमेपर्यंत समोरचा दारात आलेला असायचा. शिरीष सर गेम बाजारात आणणाऱ्या कंपनीचे. त्यांनी मेल टाकला: 'डेमोत स्लाव्ह टिकले तर ठेवू, नाहीतर गेममधून वगळा.'

माधुरी कांबळे आमची आर्टिस्ट. तिनं पाच महिने फक्त स्लाव्हांचे किल्ले रंगवले होते. ओंडक्यांच्या चौकटी, त्यांत ठासलेली माती, एकेका ओंडक्याची साल वेगळी. मेल वाचून तिनं हेडफोन लावला. माधुरीनं हेडफोन लावला की स्टुडिओत आम्ही हळू चालतो.

आणि मला सुचलं! खरे स्लाव्ह तरी कुठं सगळं दगडात बांधायचे? त्यांच्या नगरातल्या कोटाला देतिनेत्स म्हणत, आणि त्यात लाकूड भरपूर असे. त्याच नावाचं अपग्रेड ठेवायचं. अपग्रेड म्हणजे एकदा किंमत मोजली की लढाई संपेपर्यंत मिळणारी सवलत. ते घेतलं की किल्ल्याचे चाळीस टक्के दगड कमी, त्यांच्या जागी लाकूड. सहाशे दगडांऐवजी तीनशे साठ दगड आणि दोनशे चाळीस लाकूड. लाकडाला काय तोटा, नकाशाभर जंगल!

तासात कोड लिहिला. दोनदा किल्ला बांधून बघितला. उभा राहिला! मी खुर्चीसकट गोल फिरलो.

"दादा, मामांना द्या की टेस्टिंगला," माधुरी म्हणाली.

"त्यात काय टेस्ट करायचंय? उभा राहिला की!" मी म्हणालो, आणि बिल्ड, म्हणजे खेळायला तयार झालेली प्रत, थेट पुण्याला पाठवली.

दत्तूमामा आमचे टेस्टर. त्याआधी तीस वर्षं साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर. तिथं उसाची गाडी भरून येताना एकदा तोलतात आणि रिकामी जाताना पुन्हा तोलतात. दोन्हींतली वजाबाकी म्हणजे ऊस. भानगड करणारा परतीच्या वजनात करतो, हे मामांचं ठाम मत. त्यामुळे गेममध्येही ते आधी वस्तू घेतात आणि लगेच परत करतात. लढाईबिढाई नंतर.

त्या दिवशी डेमो सुरू झाल्यावर त्यांनी सहज बिल्ड उघडला. देतिनेत्स घेतलं, किल्ल्याचा पाया घातला आणि मोडला. आमच्या गेममध्ये बांधकाम सुरू व्हायच्या आत पाया मोडला तर सामान परत मिळतं. मी किंमत बदलली होती, परतावा बदलायला विसरलो होतो. तो जुन्या दरानं चालू होता. घेतले तीनशे साठ दगड, दिले सहाशे! थोडं लाकूड जाळायचं आणि हवा तेवढा दगड काढायचा.

मी माईक बंद केला. "मामा, आता?"

"हल्ला करू नगासा. माणूस घाबरला की पाया मोडतोय. निवांत बांधू द्या त्यास्नी."

डेमोत सर स्लाव्ह घेऊन खेळत होते आणि त्यांच्या विरुद्ध मीच. माझे साठ घोडेस्वार माळावर नुसते उभे राहिले.

"अहो, या की!" सर म्हणाले. "ग्रुप फोटो काढताय का?"

"ऊन फार आहे सर."

"गेममध्ये?"

लाजेखातर चार घोडेस्वार पाठवले. तेवढ्यानंही घात झाला. "इथं नको, नदीकाठी बांधू," म्हणत सरांनी पाया मोडला. मग त्यांचा कर्सर दगडांच्या आकड्यावर थांबला. त्यांनी दुसरा घातला, मोडला. तिसरा. "हं," असा आवाज आला. पुढच्या दहा मिनिटांत नदीपासून माझ्या वेशीपर्यंत अकरा किल्ले उभे राहिले आणि मी संपलो.

"हे मुद्दाम ठेवलंय?" सरांनी विचारलं.

"हो सर," मी म्हणालो. "स्लाव्हांचं ते वैशिष्ट्य आहे."

मामांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. माधुरीनं हेडफोन उतरवला आणि माझ्या माईकवर वाकली.

"वैशिष्ट्य नाही सर, बग आहे. टेस्ट न करता पाठवला. त्याच्यापायी स्लाव्ह घालवू नका. अर्धा तास द्या, आम्ही दुरुस्त करतो, परत खेळा."

"वीस मिनिटं. मग मला दुसरी मीटिंग आहे."

मी कोड उघडला. पाठीमागून मामा म्हणाले, "पावती ठेवा की. ज्येनं जे दिलं, त्येला त्येच परत." अगदी बरोबर! प्रत्येक पायानं आपल्यासाठी काय घेतलं ते लक्षात ठेवायचं आणि मोडताना तेवढंच द्यायचं. मी लिहिलं, चुकलं, परत लिहिलं.

"घातला. मोडला. तीनशे साठ, दोनशे चाळीस. बरूबर!" मामा ओरडले. "थांबा! अपग्रेडच्या आधी घातला आणि मागनं मोडला तर?" मी डोळे मिटले. "सहाशे घेतलं, सहाशे दिलं. हाणा!"

दुसऱ्या लढाईत मी दया केली नाही. साठच्या साठ घोडेस्वार सोडले. सरांकडे जेमतेम चारशे दगड. जुन्या दरात ते तिथंच मेले असते. त्यांनी लाकूड जोडून टेकडीवर एकच किल्ला बांधला. मी त्याला झोडपत होतो, त्यांचे गावकरी डागडुजी करत होते. तट पडायला आला आणि पडला नाही. माझा शेवटचा घोडेस्वार त्याच्या दारात आडवा झाला.

सरांनी चित्र मोठं केलं. "हे ओंडके कुणी रंगवलेत?"

"सांग की पोरी," मामा म्हणाले.

"मी सर."

"स्लाव्ह राहू देत. आणि हा किल्ला गेम उघडल्या उघडल्या दिसला पाहिजे."

माधुरीनं मामांना टाळी दिली. मला नाही.

एका दुपारी मी स्वतःच्याच अपग्रेडकडून दोनदा हरलो. पहिल्यांदा ते चुकलं होतं म्हणून, दुसऱ्यांदा ते बरोबर होतं म्हणून. सवलत द्यायला फारशी अक्कल लागत नाही, माझ्यासारखा तासाभरात देतो. घेणाऱ्यानं ती परत केली तर काय होईल, हे विचारणाऱ्या माणसाच्या टेबलावरून जाईपर्यंत मात्र बिल्ड पुण्याला पाठवू नये.