तडितकुमारचा फिरकी

रविवारी सकाळी अकराच्या सुमारास अंबादास परब बोरीवलीतल्या आपल्या चार मजली सोसायटीच्या गच्चीवरून बाहेर लोंबकळत होते. एक पाय कठड्यावर, दुसरा हवेत, आणि दोन्ही हातांची मिठी टाकीतून उतरणाऱ्या नळाला. वय वर्षं अडुसष्ट. टाकीतला बॉल व्हॉल्व्ह अडकलाय का ते बघायला चढले होते. शिडीची गंजलेली पायरी तुटली आणि गडी कठड्यापलीकडे. हात सुटले की थेट खाली कंपाउंड. अशा वेळी माणूस ओरडणारच, अंबादासही ओरडले.

“मेलंय गो, मेलंय!”

खाली सेक्रेटरी देवव्रत कर्णिक गाडी पुसत होते. त्यांनी वर पाहिलं, फडकं बॉनेटवर टाकलं आणि टाळ्या वाजवल्या.

त्या बिचाऱ्यांना तरी काय बोल लावायचा! सदतीस वर्षांपूर्वी रविवारी सकाळी टीव्हीवर ‘तडितकुमार’ नावाची मालिका लागायची. अंगावर चकचकीत निळी शाल आणि डोळ्यांवर पोहण्याचा चष्मा, असा आपला तडितकुमार दुष्टांना लोळवायचा. त्याचा जोडीदार फिरकी, म्हणजे आपले अंबादास. फिरकीचं काम एकच, दर आठवड्याला पकडलं जाणं. कधी त्याला चंदेरी रंग दिलेल्या पुठ्ठ्याच्या करवतीखाली बांधायचे, कधी उकळत्या तेलाच्या कढईवर टांगायचे. तेल कसलं, हळदीचं पाणी. तिथेच भाग संपायचा आणि पोरांचा आठवडा फिरकीच्या काळजीत जायचा.

कागदावर त्याचं वाक्य होतं, “वाचवा, तडितकुमार!” पण पहिल्याच शूटिंगला अंधेरीच्या त्या शेडमध्ये दोर खरोखर सुटला आणि कणकवलीच्या काशीराम परबांचा हा मुलगा घरच्या मालवणी बोलीत किंचाळला, “मेलंय रे, मेलंय!” म्हणजे ‘मेलो रे, मेलो!’ दिग्दर्शक हसून हसून खुर्चीवरून पडायचा बाकी राहिला. पुढचे एकोणचाळीस भाग फिरकी तेच ओरडला.

मालिका संपली, ‘मेलंय रे’ मात्र संपेना. एका गंभीर नाटकात अंबादासना मरणाऱ्या बापाचं काम मिळालं. खाटेवर त्यांनी शेवटचा श्वास घ्यायला आणि बाल्कनीतून कुणीतरी “मेलंय रे!” ओरडायला एकच गाठ. अख्खं थिएटर हसलं. नाटकाची वाट लागली. अंबादासनी तोंडाचा रंग पुसला आणि शाळेच्या प्रयोगशाळेत नोकरी धरली. पुढे लग्नात, गणपतीत, सोसायटीच्या पूजेला, जो मागेल त्याला ते हसतमुखाने ‘मेलंय रे’ करून दाखवायचे. पण त्या नाटकाच्या प्रयोगापासून एक भीती मनात घर करून बसली ती बसलीच. उद्या आपण खरोखर मरायला टेकलो, तर कुणाला खरं वाटणार नाही. लोक हसतील.

आणि आता लोक हसतच होते.

“काका, एक नंबर!” देवव्रतनी मोबाईल वर धरला. “जरा इकडे बघून!”

तिसऱ्या मजल्यावरच्या शुभाताई गॅलरीतून कौतुकाने म्हणाल्या, “या वयातही काय उत्साह आहे ना!”

“अहो, मी खरंच पडतोय!” अंबादास ओरडले.

“हे नवीन आहे. झकास,” देवव्रत म्हणाले.

अंबादासचे हात घामाने निसटू लागले. ते खूप घाबरले होते, आणि त्याहून जास्त त्यांना रडू येत होतं. मालिकेत निदान पुढच्या रविवारी कुणीतरी येत असे. इथे कोण येणार? बारा वर्षं ते या सोसायटीच्या कमिटीवर होते. इथली माणसं कशाला धावतात आणि कशाला नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? त्यांनी उरलासुरला श्वास छातीत भरला.

“टाकी फुटली! सगळं पाणी चाललं!”

मोबाईल खिशात गेला. शुभाताई गॅलरीतून दिसेनाशा झाल्या. धडाधड दारं उघडली, जिन्यात बादल्या आपटल्या. माणूस पडतोय म्हटल्यावर टाळ्या, आणि पाणी पडतंय म्हटल्यावर ही धावाधाव. अशी आपली मंडळी.

पण जिन्यातली ती गर्दी वर पोचायच्या आधीच कठड्यावरच्या पायाला कुणीतरी घट्ट मिठी मारली.

“हात सोडू नकात,” आवाज धापा टाकत म्हणाला. “मी धरलंय तुमका.”

शकु. त्यांची बायको. दुसऱ्या मजल्यावरून आलेली. गुडघ्यांमुळे पाच वर्षांत ती गच्चीवर फिरकली नव्हती. वाळवणंसुद्धा शेजारणीकडून घालून घ्यायची.

मग देवव्रत आले, वॉचमन दशरथ आला, दोघांनी कमरेला धरून अंबादासना आत ओढलं. देवव्रत तोंड पाडून उभे राहिले. टाकीकडे बघायची कुणाला शुद्ध नव्हती. शुभाताईंनी बादली खाली ठेवली आणि डोळ्यांना पदर लावला.

अंबादास भिंतीला टेकून बसले. शेजारी शकु पाय पसरून बसली होती, एका पायात चप्पल, दुसरी जिन्यात कुठेतरी.

“तू इतक्या बेगीन कशी इलंस गो?” त्यांनी विचारलं. “टाकीचा तर मी आत्ता ओरडलंय.”

“टाकीचा माका काय म्हायत? मी पयल्या हाकेक निघालंय. गुडघे ऐकनत नाय, म्हणान उशीर झालो.”

“पयल्या हाकेक तर सगळे हसले.”

“हसांदेत. टीव्हीत तुमी ‘रे’ म्हणत होतास. आज ‘गो’ म्हटलास.” तिने तोंडावरचा घाम पुसला. “ह्या बिल्डिंगीत ‘गो’ म्हणूक माझ्याशिवाय कोण आसा तुमका?”

अंबादासना ते आठवतही नव्हतं. आपण काय ओरडलो, कुणाला ओरडलो, काहीच नाही. मग सगळ्यांच्या देखत, बादल्यांच्या त्या गराड्यात, ते शकुचे गुडघे चेपू लागले.