थांबलेल्या मोटरीतल्या सवाऱ्या

आम्ही हिंगणी सोडली ती आमच्याच मोटरीतून. हिंगणीहून सेलू, सेलूहून वर्धा आणि दिवस मावळायच्या आत परत, हा बाबांच्या त्या मोटरीचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. त्या सकाळी मात्र मागच्या बाकांवर माणसांऐवजी ज्वारीचं पोतं, पाटा-वरवंटा, तांब्याचा हंडा आणि आमच्या वाकळा बसल्या होत्या. मोठी माय, म्हणजे चुलत भावंडांनो, तुमची माय, दारात उभी राहून रडत होती आणि रडता रडता माझ्या मायला लोणच्याची बरणी कशी धरायची ते सांगत होती.

बाबांनी भोंगा वाजवला आणि व्हायचं तेच झालं. भोंगा ऐकून टोपल्या सावरत तीन-चार बाया धावत आल्या आणि मोटरीत चढून बसल्या. त्यांना सेलूच्या बाजाराला जायचं होतं. आमचं बिऱ्हाड उठून चाललंय हे त्यांना चांगलं ठाऊक होतं, आदल्या संध्याकाळीच येऊन डोळे पुसून गेल्या होत्या. पण भोंगा वाजला की मोटरीत बसायचं, ही त्यांच्या पायांची सवय.

माय म्हणाली, "अवं बायांनो, आमी गाव सोडून चाललो."

त्यातली एक हंड्याशेजारी नीट बसत म्हणाली, "मंग जा ना माय. आमाले सेलूले उतरवून दे, अन् जा."

बाबा हसले. त्या महिन्यात मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं. मोटर सुटणार एवढ्यात लांबून एक म्हातारा काठी हलवत येताना दिसला, तेव्हा त्यांनी पुन्हा ब्रेक दाबला. "थांबा, सवारी येऊन राह्यली," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. घर मोडून निघालेला माणूसही सवारीसाठी थांबला. असे होते आमचे बाबा.

आता मोटर का सोडावी लागली ते तुमच्या नातवंडांसाठी सांगते, कारण त्यांना एसटी म्हणजे जणू बोर नदीसारखी, आधीपासूनच असलेली वाटत असेल. पन्नासच्या त्या दशकात सरकारनं एकेक रस्ता स्वतःकडे घेतला आणि खासगी मोटरवाल्यांचे परवाने संपले. एक मोटर बंद पडली की तिच्यामागे कितीतरी चुली थंड होत. टपाचं कापड शिवणारा बसून राहिला, टायरला ठिगळ लावणारा बसून राहिला, स्टँडवर गावांची नावं पुकारणाऱ्याचा तर गळाच बसला. तरुण होते ते सरकारी मोटरीवर लागले. बाबांचं वय त्यात बसेना. सरकारी मोटर वाईट होती असं मी म्हणत नाही, ती वेळेवर सुटायची. पण ती घड्याळाकडे पाहून सुटायची आणि आमची माणसांकडे पाहून.

तेव्हा भिलाईला पोलादाचा कारखाना उभा राहत होता. मजुरांची ने-आण करायला मोटर लागेल, असं कोणीतरी बाबांच्या कानावर घातलं. मी तेरा-चौदा वर्षांची होते. भिलाई म्हणजे नागपूरच्या पलीकडे कुठंतरी, एवढाच माझा भूगोल. पोचलो तर जिकडेतिकडे लाल माती, झोपड्या आणि देशभरातली माणसं. पाणी आणायला गेले तर 'घागर' म्हटलेलं शेजारणीला कळेना. तिनं 'गुंडी' म्हटलेलं मला कळेना. आता मीच गुंडी म्हणते, क्वार्टरमागच्या परसाला बाड़ी म्हणते, सकाळी धिरड्यांऐवजी चीला करते. नातवंडं मला नानी म्हणतात आणि माझी वऱ्हाडी ऐकून खो खो हसतात. हसू द्या.

काही महिने मोटरीनं इमानानं मजूर वाहिले. मग एका उन्हाळ्यात तिचं इंजिन फुटलं. त्या विलायती इंजिनाचे भाग मिळणं केव्हाच बंद झालं होतं. बाबांनी नागपूर पालथं घातलं, रायपूर पालथं घातलं आणि शेवटी इंजिन भंगारात दिलं. मागाहून चाकंही गेली. मोटर विटांवर चढली आणि तेच आमचं घर झालं.

त्या दिवसापासून बाबा ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले. सकाळी उठले की तिथं. हात स्टिअरिंगवर, नजर समोर. कामाला कुठं जाऊ म्हणेनात, धड बोलेनात. माय म्हणायची, "काऊन बसले जी तिथं? उतरा ना." ते म्हणायचे, "बसू दे." ते वेडे झालेत असं शेजारी कुजबुजू लागले. मला त्यांचा राग येई आणि रडूही येई. हे मी तुम्हा हिंगणीवाल्यांना कधी कळवलं नाही. सगळं ठीक आहे, असंच कळवत राहिले.

पोट थांबत नाही, म्हणून मायनं चूल मांडली. मोटरीच्या मागच्या दाराशी, उघड्यावर. ज्वारीच्या भाकरी, तुरीचं वरण, हिरव्या मिरच्यांचा ठेचा. आपल्या वर्धा-पुलगावकडचे बरेच मजूर होते. भाताला कंटाळलेली ती पोरं भाकरीचा वास काढत आली. बसायला बाक आयतेच होते. माय आतली माणसं पाहून मला ओरडायची, "पोरी, दोन सवाऱ्या वाढल्या, पीठ घे!" जेवणाऱ्याला गिऱ्हाईक म्हणणं तिला कधी जमलंच नाही. वाऱ्यापावसात मात्र चूल विझायची. चूल आत घ्यायची तर जागा एकच, पुढची. तिथं बाबा बसलेले. माय त्यांना कधी उठा म्हणाली नाही. भिजलेली लाकडं फुंकत राहिली.

आमचं सगळं चालायचं ते एका मुकादमाच्या टोळीवर. तो वर्ध्याकडचाच, त्याची सगळी माणसं आमच्याकडे जेवत. एके दुपारी सुखदेव नावाचा पुलगावचा एक तरुण आला आणि मुकादमाशेजारच्या रिकाम्या जागेवर बसला. थोड्याच दिवसांपूर्वी तो नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आला होता. मुकादम त्याला ओळखत होता. तो मायला म्हणाला, "बाई, याले भाईर वाढा. नाई तं माह्या माणसायची जेवणं उद्यापासून बंद."

सुखदेव आवाज न चढवता म्हणाला, "मावशी, मी उपाशी जाईन. पण भाईर बसून नाई जेवणार."

खोटं कशाला सांगू, माय अडखळली. हिंगणीच्या आमच्या घरात सुखदेवाच्या माणसांना पाणी वरून ओतलं जायचं, हे तुम्हालाही आठवत असेल. आणि इथं तर एका टोळीवर आमची चूल पेटत होती. हातात वरणाचं भांडं घेऊन ती नुसती उभी राहिली.

आणि पुढून बाबांचा आवाज आला. स्टँडवरचा, जुना, खणखणीत.

"मोटरीत जागा दिसन तिथं सवारी बसते. कोण कोणाजवळ बसली, ते म्या आजपर्यंत पाह्यलं नाई. ज्याले चालत नसन त्यानं उतरून जावं. मोटर थांबलीच हाय."

बाबा मागे वळून पाहत होते, मुकादमाकडे, मग मायकडे. मोटर थांबली आहे, हे इतक्या महिन्यांत त्यांनी पहिल्यांदा स्वतःच्या तोंडानं म्हटलं होतं. मला वाटतं, ते त्यांनाही म्हटल्यावरच कळलं.

मुकादम उतरून गेला. त्याची बरीच माणसंही गेली. मायनं सुखदेवाच्या ताटात वरण वाढलं. पुढचे काही दिवस फार ओढाताणीचे गेले. मग एकेक करून माणसं परतली, कारण त्या माळावर ज्वारीची भाकरी दुसरीकडे मिळत नव्हती. मुकादम आला नाही.

पण मला सांगायचंय ते दुसऱ्या सकाळचं. बाबा पाना घेऊन बसले आणि त्यांनी आपली सीट खोलली. गंजलेले नट निघता निघेनात. सुखदेव कामावर जाता जाता थांबला आणि त्यानं पलीकडून जोर लावला. स्टिअरिंगही काढलं, त्याला मायनं पुढे पळ्या आणि झारे टांगले. रिकाम्या झालेल्या जागेवर बाबांनी स्वतः माती आणून चूल घातली. धूर समोरच्या काचेच्या जागेतून बाहेर जाऊ लागला.

तुम्ही अजून फोनवर विचारता, घरी कधी येता? रागावता, की आम्ही तिकडची माती विसरलो. नाही हो. आजही ज्वारीचं पीठ मळताना मला हिंगणीची आठवण येते आणि कधी कधी ती इतकी येते, की हात थांबतो. पण घरी कधी येता, या प्रश्नाचं उत्तर माझ्या बाबांनी सीट खोलली त्याच दिवशी दुपारी देऊन ठेवलंय.

बाबा त्या दुपारी मागच्या बाकावर जेवायला बसले होते. आयुष्यभर मोटर हाकली, पण मागे बसायची ही त्यांची पहिलीच वेळ. कुठं टेकावं, पाय कुठं ठेवावेत, काही समजेना. शेजारी एक नवा मजूर होता. त्यानं सहज विचारलं, "काका, तुमी कुठचे?"

बाबांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाले, "गाव हिंगणी. घर हेच."

पुढून, धुराच्या आडून, मायचा आवाज आला, "मंग घरच्या माणसानं उठून पाणी वाढावं जी. सवाऱ्या खोळंबल्या."

बाबा ताटावरून उठले आणि त्यांनी तांब्या घेतला.