पाहुण्यांच्या मागचे डोंगर

सरकाकाकांनी फोटो काढताना कुणालाही कधी 'जरा हसा' म्हटलं नाही. ते 'सरका' म्हणायचे. मूळचे कऱ्हाडचे, हवाई दलात फोटोग्राफर, निवृत्तीनंतर चंदीगडजवळच्या खरड गावी फ्लॅटमध्ये स्थायिक. चंदीगडच्या तळ्यावर पहाटे कॅमेऱ्याचं तिकाटणं रोवून ते डोंगरासमोर येणाऱ्या प्रत्येकाला हाकलत, मग तो कर्नल का असेना. पंजाब्यांना 'हटो जी', आम्हा मराठी माणसांना 'सरका की'. "डोंगराला हल म्हणता येत न्हाई, तुमाला येतंय," एवढं त्यांचं तत्त्वज्ञान. चंदीगडच्या मराठी मंडळातल्या पोरांनी त्यांचं नावच सरकाकाका करून टाकलं.

प्रत्येक फोटोच्या पाठीवर ते पेन्सिलीनं तक्रार लिहीत. 'धुकं. दिवस गेला.' 'लाल जॅकेटवाल्या बाई. चाळीस मिनिटं.'

एकाच फोटोवर त्यांनी तक्रार लिहिली नाही. जानेवारीतले अकरा दिवस धुक्यात फुकट गेले होते. बाराव्या दिवशी, रात्रीच्या पावसानंतर, आभाळ धुऊन निघालं. थर्मास धरायला मी होतो. डोंगरांच्या तीन रांगा आणि त्यांच्या मागे बर्फाची एक पांढरी रेघ. माणूस एकही नाही. काकांनी बटण दाबलं.

तो एकुलता एक मोठा प्रिंट त्यांनी चौकटीत बसवून आमच्या मराठी मंडळाच्या हॉलला दिला. निगेटिव्ह पुढे पेटीत ओल लागून गेली. "घरी लावून काय करू? आमच्या खिडकीतून समोरच्याचं बाथरूम दिसतंय," ते म्हणाले. मंडळानं शाल-श्रीफळ देऊन पाऊण तास भाषणं केली. भिंतीवरच्या फोटोकडे तेवढ्या वेळात एकाही वक्त्यानं मान वळवली नाही.

नोव्हेंबरात काका गेले. जानेवारीत काकू फ्लॅट सोडून कायमच्या कऱ्हाडला निघाल्या. जन्मभर नवऱ्यामागे उभी राहिलेली, कमी बोलणारी बाई. त्यांनी एकच मागितलं, "परवा गाडी हाय. हॉलवरचा तेवढा फोटो मिळतोय का बघशील?"

त्या भाषणांनंतर काका किंवा मी तिकडे फिरकलो नव्हतो. मी हॉलवर गेलो. सूर्य आठवडाभर दिसला नव्हता, बोटं काम करत नव्हती. भिंतीवर फोटो नव्हता. चिटणीस हीटरला चिकटून तिळाची गजक खात होते.

"पक्का इथेच असेल सर, अडगळीत बघा," ते म्हणाले. "नुसते डोंगर होते ना? त्यात कोणी नव्हतंच. म्हणून उतरवला असेल."

त्या वाक्याचं माझं उत्तर छापण्यासारखं नाही.

तीन तास मी मोडकी मखरं, फ्लेक्सच्या गुंडाळ्या आणि मानचिन्हांचे ढिगारे उपसले. फोटो नाही. हात धुवायला बाहेर आलो तेव्हा स्टेजशेजारी गेल्या गणेशोत्सवाच्या प्रमुख पाहुण्यांचा फोटो दिसला. पाहुणे नवे, चौकट ओळखीची. डाव्या कोपऱ्याचं पॉलिश उडालेलं. ते माझ्याच हातून उडालं होतं आणि काकांनी मला आठवडाभर बोल लावला होता.

"ही चौकट?"

"चांगली आहे ना? दरवर्षी पाहुणे बदलतात, चौकट तीच. जुना फोटो काढायलासुद्धा लागत नाही, नवा पुढे सरकवायचा," चिटणीस अभिमानानं म्हणाले.

मी चौकट उचलली आणि त्यांना न विचारता चालू लागलो.

खरडला काकूंच्या समोर मागचा पुठ्ठा काढला. पेन्सिलीचं अक्षर लगेच दिसलं: 'आज कुणी आडवं आलं नाही.' त्याच्यापुढे पाच वर्षांचे पाच पाहुणे, सगळ्यांच्या गळ्यात हार. सगळ्यांत जुना ओलीनं डोंगरांना चिकटला होता. वाफ देऊन सोडवला, तरी त्याचा एक कान बर्फाच्या रेघेवर राहिलाच. काकांनी मला घराबाहेर काढलं असतं.

काकूंनी त्या कानावर अंगठा ठेवला. "थर्मासमधला चहा गार झालेला त्या दिवशी," त्या म्हणाल्या. "घरी येऊन मलाच ओरडले."

तेवढ्यात चिटणिसांचा फोन आला. आवाज मोठा होता, काकूंनाही ऐकू गेला. "सर, चौकट कधी परत आणताय? सव्वीस जानेवारीचे पाहुणे ठरलेत."

मी तोंड उघडण्याआधी काकूंनी माझ्या हातातून फोन घेतला.

"चौकट कऱ्हाडला चाललीय," त्या म्हणाल्या. "आन् तुमच्या पाव्हण्यांना म्हणावं, सरका."